संशोधकाची उमेदवारी

विद्यापीठाची शेवटची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला विज्ञान येते, परंतु संशोधन येतेच असे नाही. वरकरणी हे विधान चमत्कारिक वाटेल. पण थोडा विचार केला असता त्यातील तथ्य ध्यानात येते. वर्गात त्याच्यापुढे जे प्रश्न ठेवले जात होते त्यांची उत्तरे कोणाला तरी आधीच ठाऊक होती. प्रयोगशाळेत जे प्रयोग तो करीत असे त्यांचे निष्कर्ष पाठ्यपुस्तकात छापलेले होते. आपले मापन त्या निष्कर्षाशी जुळले नाही, तर चूक आपलीच असली पाहिजे, असे तो धरून चालत असे आणि बहुधा ते खरेही असे. संशोधनाच्या क्षेत्रात पाऊल टाकताच ही सगळी परिस्थिती पालटते. येथे उत्तर कोणालाच ठाऊक नसते, प्रश्न नीट विचारला गेला आहे की नाही याचीही खात्री नसते, आणि अपेक्षेशी न जुळणारे मापन हा दोष आहे की शोध आहे, हे ठरविण्याची जबाबदारी स्वतःवर येऊन पडते.

हे स्थित्यंतर एकट्याच्या बळावर पार पाडणारे लोक विज्ञानाच्या इतिहासात झाले आहेत, पण ते थोडे. बहुसंख्य संशोधक कोणाच्या तरी हाताखाली काही वर्षे काम करून घडले. सुतारकाम असो, विणकाम असो की गायन असो, ज्या विद्या हाताने आणि कानाने शिकाव्या लागतात त्यांत उमेदवारीचा काळ असतोच. विज्ञानातही तो असतो. या काळात तरुण संशोधक नेमके काय शिकतो, ते त्याला कसे शिकविले जाते आणि ही व्यवस्था कोठे दगा देते, याचा विचार भारतातील काही उदाहरणांच्या आधारे या प्रकरणात करावयाचा आहे.

ग्रंथात नसलेले ज्ञान

मार्गदर्शकाकडून मिळणाऱ्या ज्ञानाचा मोठा भाग कोठेही लिहिलेला नसतो. त्यातील पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नाची निवड. नवख्या संशोधकाला सामान्यतः एक तर फार मोठा प्रश्न हवा असतो किंवा अगदी सुरक्षित. मोठा प्रश्न दहा वर्षांतही हाती लागत नाही. सुरक्षित प्रश्नाचे उत्तर मिळते, पण ते कोणाच्या उपयोगी पडत नाही. दोन-तीन वर्षांत ज्याचा तुकडा निश्चितपणे सुटेल आणि सुटल्यावर पुढची वाट दिसेल, असा प्रश्न ओळखणे ही अनुभवाने येणारी हातोटी आहे.

दुसरी गोष्ट संशयाचे व्यवस्थापन. प्रत्येक विसंगत नोंदीचा पाठपुरावा करू लागल्यास काम कधीच पुरे होणार नाही, आणि एकाही नोंदीचा पाठपुरावा न केल्यास नवे काही सापडणार नाही. कोणती विसंगती सोडून द्यावयाची आणि कोणती वहीत ठळक लिहून ठेवावयाची, हे विद्यार्थी आपल्या मार्गदर्शकाला काम करताना पाहून शिकतो. तिसरी गोष्ट लेखनाची. शोधनिबंध लिहिताना जेवढे सिद्ध झाले आहे तेवढेच म्हणणे, आणि तेही संकोच न करता म्हणणे, ही शिस्त स्वतःच्या लेखनावर दुसऱ्याची लेखणी फिरल्याखेरीज अंगी बाणत नाही. चौथी गोष्ट श्रेयाच्या वाटणीची. कोणाचे नाव निबंधावर यावे, कोणाचे आभार मानावेत, दुसऱ्याच्या कल्पनेचा उल्लेख कसा करावा, यांविषयीचे संस्कार विद्यार्थी याच काळात उचलतो. चांगले उचलतो आणि वाईटही उचलतो.

बहुबाजार रस्त्यावरील प्रयोगशाळा

या चारही गोष्टी एकत्र पाहावयाच्या असतील तर कलकत्त्याच्या बहुबाजार रस्त्यावरील एका संस्थेकडे वळले पाहिजे. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत १९०७ मध्ये एक तरुण सरकारी अधिकारी येऊ लागला. चंद्रशेखर वेंकट रामन यांची नेमणूक वित्त खात्यात झाली होती. कचेरीच्या आधी पहाटे आणि कचेरी सुटल्यावर रात्रीपर्यंत ते येथे प्रयोग करीत. संस्थेतील आशुतोष डे हे त्यांचे पहिले सहकारी. विद्यापीठीय शिक्षण न लाभलेल्या या सहायकाच्या नावासह रामन यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केले, ही गोष्ट श्रेयाच्या वाटणीसंबंधी पुष्कळ काही सांगून जाते. १९१७ मध्ये रामन यांनी अधिक वेतनाची सरकारी नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद स्वीकारले. त्यानंतर दक्षिणेतून आणि बंगालमधून विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले.

१९२१ मध्ये इंग्लंडच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगाने रामन यांचे लक्ष वेधून घेतले आणि द्रवांमधून होणारे प्रकाशाचे प्रकीर्णन हा त्यांच्या प्रयोगशाळेचा मुख्य विषय बनला. पुढील सात वर्षांची हकीकत रामन परिणामाचा इतिहास म्हणून सुपरिचित आहे. येथे तिच्याकडे संशोधकांच्या घडणीच्या दृष्टीने पाहावयाचे आहे.

के. आर. रामनाथन यांनी १९२३ मध्ये पाण्यातून होणाऱ्या प्रकीर्णनाचा अभ्यास करताना एक क्षुल्लक वाटावी अशी गोष्ट नोंदविली. द्रवावर पडणारा प्रकाश एका रंगीत काचेतून गाळून घेतला आणि बाहेर पडणारा प्रकाश पहिल्या काचेच्या पूरक रंगाच्या काचेतून पाहिला, तर काहीच दिसू नये अशी अपेक्षा होती. तरीही अंधुकसा प्रकाश दिसत होता. पाण्यातील अशुद्ध द्रव्यामुळे होणारे ते दुर्बल अनुस्फुरण असावे, असे स्पष्टीकरण देणे सोपे होते. म्हणून पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करण्यात आले. पण तो अंधुक प्रकाश गेला नाही. तो संशय निकालात निघाला नाही, तसाच विसरलाही गेला नाही. १९२३ मध्येच प्रयोगशाळेत आलेल्या के. एस. कृष्णन यांनी पुढे इतर अनेक शुद्ध द्रवांत तोच प्रकार पाहिला. अलीपूरच्या सरकारी परीक्षणगृहात नोकरी करून उरलेल्या वेळात संशोधनास येणाऱ्या एस. वेंकटेश्वरन यांना ग्लिसरिनमध्ये तो अधिक स्पष्टपणे आढळला. एका विद्यार्थ्याच्या वहीतील अनुत्तरित प्रश्न दुसऱ्याच्या हाती आणि तेथून तिसऱ्याच्या हाती, असा पाच वर्षे जिवंत राहिला. प्रयोगशाळेची परंपरा म्हणतात ती हीच. संशय जपून ठेवणारा कोणी ज्येष्ठ तेथे नसता, तर प्रत्येक विद्यार्थी आपापली पदवी घेऊन निघून गेला असता आणि तो अंधुक प्रकाश तीन वेगवेगळ्या वह्यांत गाडला गेला असता.

कृष्णन यांनी १९२८ च्या फेब्रुवारी महिन्यात लिहिलेली दैनंदिनी उपलब्ध आहे. तिच्यावरून मार्गदर्शनाच्या दैनंदिन स्वरूपावर चांगला प्रकाश पडतो. त्याआधीची दोन-तीन वर्षे कृष्णन सैद्धांतिक कामात रमले होते. वैज्ञानिकाने प्रत्यक्ष प्रयोगापासून फार काळ दूर राहणे बरे नाही, अशी रामन यांची धारणा होती आणि त्यांनी कृष्णन यांना पुन्हा प्रयोगाच्या मेजापाशी आणले. त्यानंतर दोघे मिळून रोज निरीक्षणे करू लागले. एके रात्री नऊच्या सुमारास रामन आपण होऊन कृष्णन यांच्या घरी आले, त्यांना खाली बोलावले आणि सकाळी पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ काय असावा हे उत्तेजित होऊन सांगू लागले. घरासमोर उभ्याने बराच वेळ बोलणे चालले. प्राध्यापक विद्यार्थ्याच्या दारी जातो आणि रस्त्यावर उभा राहून त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने चर्चा करतो, या घटनेत जे शिक्षण आहे ते शंभर व्याख्यानांत नसते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी पाऱ्याच्या दिव्याचा उपयोग करून वर्णपटदर्शकातून नव्या रेषा स्पष्टपणे पाहण्यात आल्या. 'नेचर' नियतकालिकाच्या ३१ मार्चच्या अंकात प्रसिद्ध झालेल्या टिपणावर रामन आणि कृष्णन या दोघांची नावे होती.

१९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले, आणि कृष्णन यांच्या वाट्याला किती श्रेय यावे याविषयी नंतर पुष्कळ लिहिले गेले. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु कृष्णन यांनी पुढे काय केले हे पाहणे बोधप्रद आहे. १९२८ च्या अखेरीस ते ढाका विद्यापीठात गेले आणि तेथे स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांचा स्वतंत्र अभ्यास त्यांनी सुरू केला. आपल्या गुरूच्या विषयाची पुनरावृत्ती त्यांनी केली नाही. १९४७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक झाले. उत्तम उमेदवारीची खूण हीच की ती संपल्यावर शिष्याला आपली वेगळी वाट सापडते.

टिपणे लिहिण्याची शाळा

रामन यांच्या प्रयोगशाळेतील शिक्षण एका प्रभावी व्यक्तीभोवती उभे होते. याहून वेगळी पद्धती मुंबईत आढळते. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९४९ मध्ये के. चंद्रशेखरन हे अमेरिकेतील प्रिन्स्टनहून आले. गणिताचा संशोधन-विभाग उभारण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांना लवकरच के. जी. रामनाथन यांची साथ मिळाली. त्यांच्यापुढील अडचण स्पष्ट होती. भारतीय विद्यापीठांतील गणिताचा अभ्यासक्रम त्या काळच्या जागतिक गणिताच्या फार मागे होता. हुशार विद्यार्थी होते, पण ज्या विषयांत नवे काम चालले होते ते विषय शिकविणारी माणसे देशात थोडी होती.

यावर त्यांनी काढलेला उपाय साधा होता. परदेशांतील अग्रगण्य गणितज्ञांना काही आठवडे किंवा महिने मुंबईस बोलवावयाचे, त्यांच्याकडून एखाद्या विषयाची व्याख्यानमाला घ्यावयाची आणि त्या व्याख्यानांची टिपणे लिहिण्याचे काम संस्थेतील तरुण विद्यार्थ्यांवर सोपवावयाचे. फ्रान्सचे लोराँ श्वार्त्झ, जर्मनीचे कार्ल लुडविग झीगल यांच्यासारखे गणितज्ञ या निमित्ताने मुंबईला आले. टिपणे लिहिणे हे काम कारकुनी वाटेल, पण ते तसे नव्हते. व्याख्यात्याने फळ्यावर एका ओळीत उरकलेली सिद्धता टिपणात पूर्ण करावी लागे. गाळलेल्या पायऱ्या शोधाव्या लागत. समजले नाही ते विचारण्याला सबळ कारण मिळे. छापली जाणारी पुस्तिका जगभर जाणार, तिच्यावर आपले नाव असणार, या जाणिवेने लेखनात काटेकोरपणा येई. श्वार्त्झ यांच्या १९५५ च्या व्याख्यानांची टिपणे एम. एस. नरसिंहन यांनी लिहिली. पुढे ते पॅरिसला गेले तेव्हा श्वार्त्झ यांना ते अपरिचित नव्हते.

नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री हे दोघे १९५३ मध्ये मद्रासच्या लोयोला महाविद्यालयातून मुंबईस आले होते. त्यांच्या तेथील शिक्षकाचा उल्लेख केल्याशिवाय ही हकीकत अपुरी राहील. फादर शार्ल रासीन हे फ्रेंच जेझुइट धर्मगुरू पॅरिसमध्ये गणित शिकून आले होते. नव्या गणिताची त्यांना ओळख होती. परीक्षेसाठी शिकवीत असतानाच ते निवडक विद्यार्थ्यांना त्या गणिताची चव लावीत आणि पुढे कोठे जावे हेही सांगत. महाविद्यालयातील अशा शिक्षकांची नावे शोधांच्या यादीत क्वचितच येतात. परंतु योग्य विद्यार्थी योग्य दारापाशी पोचविण्याचे काम तेच करतात. नरसिंहन आणि शेषाद्री यांनी संयुक्तपणे सिद्ध केलेले, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रमेय आज त्या दोघांच्या नावाने ओळखले जाते. एम. एस. रघुनाथन आणि एस. रामनन हे नरसिंहन यांचे विद्यार्थी. अशा रीतीने बाहेरून आणलेल्या विद्येचे एका पिढीतच येथल्या परंपरेत रूपांतर झाले.

गरजेच्या आधी माणसे

भाभा यांनी मार्च १९४४ मध्ये टाटा विश्वस्त निधीकडे पाठविलेल्या प्रस्तावात अशी अपेक्षा व्यक्त केली होती की, अणुशक्तीचा उपयोग वीजनिर्मितीसाठी होऊ लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशांकडे पाहावे लागू नये. त्या वेळी अणुबाँबदेखील जगाला ठाऊक नव्हता. या विचाराचे व्यावहारिक रूप म्हणजे ऑगस्ट १९५७ मध्ये तुर्भे येथे सुरू झालेले प्रशिक्षण विद्यालय. भौतिकी, रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकी यांच्या पदवीधरांना निवडून वर्षभर विद्यावेतन द्यावयाचे, त्यांना एकमेकांच्या विषयांची ओळख करून द्यावयाची आणि ते उत्तीर्ण झाले की थेट कामावर घ्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते.

एका गुरूभोवती थोडे शिष्य ही रचना शेकडो माणसे तयार करण्यास अपुरी पडते, हे यामागचे सूत्र होते. तिचा लाभ उघड आहे: विद्यार्थ्याचे भवितव्य एका व्यक्तीच्या मर्जीवर राहत नाही आणि पुढच्या पोटापाण्याची विवंचना अभ्यासाच्या काळात सतावीत नाही. तिची मर्यादाही उघड आहे. ठरलेल्या कार्यक्रमासाठी ठरलेले ज्ञान देणारे विद्यालय सक्षम वैज्ञानिक निर्माण करू शकते. पण कोणता प्रश्न विचारावा, हे शिकण्यासाठी त्या वैज्ञानिकाला नंतर कोणा अनुभवी संशोधकाच्या शेजारी बसावेच लागते.

एकाच दारावर अवलंबून राहण्याचा धोका

आतापर्यंत उमेदवारीची उजळ बाजू पाहिली. तिची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ज्या व्यक्तीच्या हाती शिकविण्याची शक्ती असते तिच्याच हाती प्रवेश नाकारण्याची, कालहरण करण्याची आणि शिफारस रोखण्याचीही शक्ती असते.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेकडे अर्ज केला. त्यांचे वडील आणि चुलते हे त्या संस्थेचे जुने विद्यार्थी. संस्थेचे संचालक त्याच वर्षी तेथे आलेले रामन होते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण अर्जदार स्त्री होती. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारून हटून बसल्या. अखेर त्यांना अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करावे लागणार होते आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, असेही बजावण्यात आले होते. सहाध्यायी पुरुषांपैकी कोणालाही अशी अट नव्हती. त्यांनी ती मान्य केली, पण तिच्यातील अपमान त्या कधी विसरल्या नाहीत आणि पुढे जाहीरपणे तो बोलून दाखविण्यासही कचरल्या नाहीत.

त्यांचे प्रत्यक्ष मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या यांनी मात्र त्यांना मनापासून शिकविले. दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवरील त्यांचे काम पाहून वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथे वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य असल्याचे त्यांनी दाखवून दिले आणि १९३९ मध्ये पीएच. डी. मिळविली. विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे अध्यापन करू लागल्या. नीरा, डाळी यांसारख्या सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांवर त्यांनी विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतले आणि पुढे त्या त्या संस्थेच्या संचालक झाल्या.

दुसरे उदाहरण अन्ना मणी यांचे. त्या १९४० मध्ये रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि हिरे व माणके यांच्या वर्णपटांवर त्यांनी काम केले. एकेका छायाचित्रासाठी पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे. त्यासाठी रात्र प्रयोगशाळेतच काढावी लागे. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी स्वतःच्या एकटीच्या नावे शोधनिबंध प्रसिद्ध केले. १९४५ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला. पदवी देण्याचा अधिकार मद्रास विद्यापीठाकडे होता. त्यांच्यापाशी एम. एस्सी. ची पदवी नाही, या कारणावरून विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. नाकारली. पाच वर्षांचे काम समोर असताना नियमाचे एक कलम त्याहून जड ठरले. अन्ना मणी इंग्लंडला जाऊन हवामानशास्त्रीय उपकरणांचा अभ्यास करून आल्या, १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि भारतीय बनावटीच्या हवामान-उपकरणांचा पाया त्यांनी घातला. पीएच. डी. ची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही.

या दोन हकीकती सांगताना एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. दोघी अडथळे ओलांडून मोठ्या झाल्या, म्हणून त्यांची नावे इतिहासात आहेत. बंगळूरला जाऊन हटून बसण्याइतके धैर्य, पैसा किंवा घरच्यांचा पाठिंबा ज्यांच्यापाशी नव्हता त्यांची नावे कोठेही नाहीत. मार्गदर्शनाच्या व्यवस्थेतील दोषांची किंमत अशा न झालेल्या कामाच्या रूपाने मोजली जाते आणि म्हणून ती कोणाच्या नजरेस येत नाही. आणखी असे की, कृष्णन यांच्या दारी रात्री चर्चेसाठी जाणारे प्राध्यापक आणि कमला भागवत यांना दार बंद करणारे संचालक ही एकच व्यक्ती होती. थोर वैज्ञानिक हा सर्वांच्या बाबतीत न्यायी मार्गदर्शक असेलच असे नाही. म्हणून केवळ व्यक्तीच्या थोरवीवर भिस्त ठेवून कोणत्याही संस्थेला चालता येत नाही.

पदवीनंतरची वर्षे

पीएच. डी. मिळाली की उमेदवारी संपली, असा समज रूढ आहे. वस्तुतः सर्वांत नाजूक काळ त्यानंतर येतो. संशोधकाला आता स्वतःची प्रयोगशाळा उभारावयाची असते, विद्यार्थी घ्यावयाचे असतात, अनुदानासाठी अर्ज करावयाचे असतात आणि यांपैकी एकही गोष्ट त्याला कोणी शिकविलेली नसते. परदेशांतून शिकून परतलेल्या तरुणांना कायमची जागा मिळेपर्यंत आधार असावा म्हणून १९५८ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 'सायंटिस्ट्स पूल' ही योजना सुरू केली, ती याच गरजेपोटी.

या काळात ज्येष्ठाचा योग्य शब्द किती दूरवर पोचतो, याचे उदाहरण जी. एन. रामचंद्रन यांच्या चरित्रात मिळते. १९४२ मध्ये ते विद्युत् अभियांत्रिकीचे विद्यार्थी म्हणून बंगळूरला आले. रामन यांनी त्यांची बुद्धी हेरून त्यांना भौतिकीकडे ओढून घेतले. मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी भौतिकीच्या प्राध्यापकपदासाठी रामन यांना विचारले, तेव्हा त्यांनी स्वतः ते न स्वीकारता रामचंद्रन यांचे नाव सुचविले. १९५२ मध्ये, वयाची तिशी गाठत असताना, रामचंद्रन नव्या विभागाचे प्रमुख झाले. विभाग नवा, साधने मोजकी आणि कोणत्या प्रश्नाला हात घालावा याविषयी मनात अनिश्चितता होती. त्याच सुमारास ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. कोलॅजेन या प्रथिनाची रचना अद्याप नीटशी उलगडलेली नाही, असे त्यांनी बोलता बोलता सांगितले. तेवढा धागा पुरेसा झाला. गोपीनाथ कर्ता यांच्यासह रामचंद्रन यांनी १९५४ मध्ये कोलॅजेनची तिपेडी रचना 'नेचर' मध्ये मांडली.

त्यानंतरचा भाग अधिक शिकण्यासारखा आहे. या रचनेत काही अणू परस्परांच्या फार जवळ येतात, असा आक्षेप परदेशांतील संशोधकांनी घेतला. आक्षेपाने खचून न जाता किंवा त्याकडे दुर्लक्ष न करता रामचंद्रन यांनी त्यालाच प्रश्नाचे रूप दिले: प्रथिनांतील अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या तरुण सहकाऱ्यांबरोबर केलेल्या या कामातून १९६३ मध्ये जो आलेख निघाला तो 'रामचंद्रन आलेख' या नावाने आज जगभर वापरला जातो. टीकेला उत्तर कसे द्यावे, हा धडा त्या तरुणांनी कोणत्याही पुस्तकातून घेतला नाही. आपल्या प्रमुखाला रोज पाहून घेतला.

संस्थेची आणि उमेदवाराची कर्तव्ये

वरील उदाहरणांवरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मार्गदर्शन हे एका व्यक्तीचे काम मानले जाऊ नये. प्रबंधाचा मार्गदर्शक एकच असला तरी विद्यार्थ्याला सल्ला विचारण्यासाठी आणखी दोन-तीन दारे उघडी असली पाहिजेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मधील पीएच. डी. विषयक विनियमांत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असावी आणि विद्यार्थ्याने दर सत्रात तिच्यापुढे आपल्या कामाची प्रगती मांडावी, अशी तरतूद आहे. प्राध्यापकाने एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाने चार यांहून अधिक विद्यार्थी घेऊ नयेत, अशी मर्यादाही आहे. नियम चांगले आहेत. परंतु समितीची बैठक जर सह्या करण्यापुरतीच झाली, तर विद्यार्थी पूर्वीइतकाच एकटा राहतो. सदस्यांनी त्याची वही उघडून पाहावी आणि मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीतही त्याचे दोन शब्द ऐकून घ्यावेत, तरच समितीला अर्थ आहे.

दुसरा निष्कर्ष असा की, अपेक्षा आरंभीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. काम किती तासांचे, रजा किती, निबंधावर नावे कोणत्या क्रमाने येणार, विद्यार्थी संस्था सोडून गेल्यावर सामग्री कोणाकडे राहणार, या गोष्टी पहिल्याच महिन्यात बोलून लिहून ठेवल्या तर पुढील अनेक कटू प्रसंग टळतात. श्रेयाविषयीचे बहुतेक तंटे अप्रामाणिकपणातून न उद्भवता न बोललेल्या गृहीतांतून उद्भवतात.

तिसरा निष्कर्ष मार्गदर्शकांविषयी. उत्तम संशोधन करता येते म्हणून मार्गदर्शन आपोआप करता येईल, असे मानण्यास आधार नाही. तेही शिकावे लागते. नव्याने नेमलेल्या अध्यापकाला पहिला विद्यार्थी देण्यापूर्वी काही काळ एखाद्या अनुभवी सहकाऱ्याबरोबर संयुक्त मार्गदर्शक म्हणून काम करू देणे हा कमी खर्चाचा आणि परिणामकारक उपाय आहे.

उमेदवारानेही काही गोष्टी स्वतःकडे घेतल्या पाहिजेत. मार्गदर्शक निवडताना केवळ नावाकडे न पाहता, त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कोठे आहेत आणि ते त्यांच्याविषयी काय सांगतात, याची चौकशी करावी. प्रयोगवही रोजच्या रोज, तारखेनिशी आणि अयशस्वी प्रयोगांसह लिहावी; श्रेयाचा प्रश्न उद्भवला तर तीच साक्षीदार ठरते. दुसऱ्यांच्या परिसंवादांना जावे, आपल्या विषयाबाहेरची व्याख्याने ऐकावीत, आणि समजले नाही तर विचारावे. बर्नाल यांचे बोलणे ऐकणारे मद्रासमध्ये अनेक असतील. त्यातून प्रश्न उचलून घेण्याची तयारी एकाची होती. शेवटी, आपल्यामागून येणाऱ्याला हात द्यावा. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जे सांगू शकतो ते प्राध्यापकाला पुष्कळदा आठवतही नसते.

विज्ञानाच्या प्रगतीचा हिशेब मांडताना उपकरणे, इमारती आणि अनुदाने यांची मोजदाद सहज करता येते. एखाद्या विद्यार्थ्याला योग्य वेळी मिळालेला प्रश्न, कोणी प्रेमाने तपासून दिलेला पहिला निबंध किंवा कोणा एकीला नाकारला न गेलेला प्रवेश यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. रामनाथन यांनी पाण्यात पाहिलेला प्रकाशही असाच अंधुक होता. त्याची दखल घेणारी आणि तो पुढच्याच्या हाती देणारी माणसे भेटली, म्हणून त्यातून पुढे एक शोध निष्पन्न झाला. तरुण संशोधकांच्या बाबतीत एवढीच दक्षता प्रत्येक प्रयोगशाळेने घेतली, तर आज नजरेआड होणारी पुष्कळ बुद्धी कामी येईल.